नवे कोंब खुडणारा माळी

बागकामाच्या एका संकेतस्थळावर विश्वंभरराव दांडेकरांचा मोठा दरारा. नवख्याचा प्रश्न जरा अर्धवट दिसला, की राव त्याला उलटा अंगठा देऊन मोकळे. कारण विचारलं तर म्हणत, "ज्याचं त्याला कळलं पाहिजे." आपला कढीपत्ता पिवळा का पडतोय, एवढंच विचारणाऱ्या नलूताईंनी तर "उद्यापासून इथे येत नाही" असं लिहून टाकलं.

ते वाचून जुन्या सभासद इरावती घोरपडे यांनी प्रश्न टाकला, "आमचा माळी अनुभवी आहे, पण नवा कोंब जरा वाकडा दिसला की खुडतो. काय चुकलं ते सांगत नाही. काय करावं?"

राव तुटून पडले. "तो माळी कसला, बागेचा वैरी! कोंबाला आधार द्या, काय कमी पडतंय ते बघा. आणि त्याला आजच हाकला!"

उत्तराला सरळ अंगठेच अंगठे मिळाले. राव खूश!

मग इरावतीबाईंनी लिहिलं, "हाकलत नाही हो, माळी जाणता आहे. फक्त नलूताईंच्या कढीपत्त्याखाली तुमचा उलटा अंगठा आहे, तिथे काय कमी पडलं तेवढं लिहा."

मग तो अंगठा नाहीसा झाला आणि तिथे रावांची एक ओळ उमटली, "ताई, कुंडी केवढी आहे?"