शून्याची तारीख

“आणि शून्य असेल तर?” मोघेबाईंनी विचारलं.

शार्दूलने स्क्रीनवरच्या कोडवर बोट ठेवलं. वेळ साठवायची सेकंदांत, १९७० च्या पहिल्या दिवसापासून मोजून; दाखवायची मात्र तारीख. एवढं सगळं कोडच्या एका ओळीत बसवल्याचं तो बाईंना दुसऱ्यांदा सांगत होता. रुग्णालयाच्या मृत्युनोंदींतल्या वेळा कालपर्यंत नुसते लांबलचक आकडे होत्या, आज त्या कुणालाही वाचता येत होत्या. डेटाबेसचं काम त्याला शिकवलं बाईंनीच. पण ही ओळ त्याची होती.

“शून्य म्हणजे एक जानेवारी सत्तर. लंडनची मध्यरात्र, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच.”

“हं,” म्हणून बाईंनी चौकशीच्या खिडकीकडे मान वळवली.

खिडकीबाहेर गजराबाई खोत उभ्या होत्या. साथीच्या वर्षी त्यांचा मुलगा विश्वजित इथेच गेला. आत कुणाला सोडत नव्हते. पुढचं सगळंही परस्परच उरकलं गेलं. श्राद्धाला तिथी हवी, म्हणून त्या तारीख मागायला आल्या होत्या. मिळालेल्या कागदावर एक जानेवारी सत्तर पाहून त्या एवढंच म्हणाल्या, की सत्तर साली मीच परकर-पोलक्यात होते.

शार्दूलने मोघेबाईंना समजावलं. त्याची ओळ बरोबरच आहे. त्या धावपळीत वेळ कुणी भरलीच नाही, तिथे शून्य पडलं, आणि शून्याची जी तारीख होते ती झाली.

“मग त्यांना काय सांगशील?”

“सर्वपित्रीला करा म्हणावं. तारीख माहीत नसलेल्यांचं तेव्हाच करतात ना?”

तो हळूच बोलला होता. काच मात्र उघडी होती.

“ते हरवलेल्यांचं असतंय, दादा,” गजराबाई म्हणाल्या. “माझा तुमच्याकडं होता.”

...

शार्दूलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. निदान ती खोटी तारीख तरी नको, असं पुटपुटत त्याने शून्य पुसलं आणि रकाना रिकामा सोडला.

मृत्यूची वेळ रिकामी, म्हणजे पेशंट अजून खाटेवर आहे. डेटाबेस तसंच धरतो. हे त्याला ठाऊक होतं, फक्त त्या क्षणी आठवलं नाही.

खिडकीकडे तोंड केलेल्या दुसऱ्या स्क्रीनवर विश्वजितच्या नावापुढची अक्षरं बदलली.

गजराबाईंनी चष्मा सारखा केला. अक्षराला अक्षर जोडत त्या वाचू लागल्या.

“खोत... विश्वजित... उपचार... सुरू.”

शार्दूलचा हात झटकन कीबोर्डकडे गेला. बाईंनी त्याचं मनगट धरलं.

“बाई, चुकलंय ते. सोडा.”

बाहेर गजराबाई पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू झाल्या होत्या.

“थांब,” बाई म्हणाल्या. “त्यांचं वाचून होऊ दे.”