पावडरीची वडी

फार जुनी गोष्ट नाही. वैजूच्या स्वयंपाकघरात प्रोटीन पावडर नुकतीच आली होती, तेव्हाची. तापातून उठलेली तिची लेक चार्वी काही खाईना, म्हणून वैजूनं दाण्याच्या कुटाच्या पौष्टिक वड्या करायला घेतल्या.

पावडर डब्यातूनच गुळाला म्हणाली, "तू बाजूला हो रे! ताकद माझ्यात आहे. तुझ्याकडे काय, नुसता गोडवा!"

"बरं बाई," म्हणून गूळ बरणीत बसून राहिला. वैजूलाही तसंच वाटलं असावं. तिनं गूळ वगळला आणि पावडर ओंजळभर ओतली.

वड्या झाल्या, पण भिंतीच्या पोपड्यासारख्या कोरड्या. चार्वीनं एक तोंडात घातली आणि लगेच थुंकून टाकली. पावडर हिरमुसली. एवढी ताकद असून पोरीच्या घशाखाली कणही गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी वैजूनं तुपात गूळ विरघळवला, कूट घातलं आणि कढई खाली उतरवली. या वेळी पावडर बेतानंच पडली. "गुळा, मला सांभाळून घे रे," ती हळूच म्हणाली.

चार्वीनं वडी खाल्ली, बोटं चाटली, आणखी एक मागितली. "आई, गुळाची वडी मस्त झालीय!"

गूळ ओशाळला. "अगं, तुझं नाव तरी सांगू का तिला?"

"गप रे," पावडर म्हणाली, "खाऊ दे तिला."