दांडवळच्या कड्यावरचा दोर

कड्याच्या टोकाशी जाणार असाल तर आधी एक सांगतो. तिथल्या हिरड्याच्या बुंध्याला एक जाड दोर बांधून खाली सोडलेला दिसेल. त्याला धरून कृपा करून कोणी उतरू नका. तो उतरण्यासाठी नाही. दर वैशाखात नवा दोर सोडतात आणि पावसाळ्यात तो तिथेच कुजू देतात. असे का करतात, ते सांगतो. पण मला ठाऊक आहे ते सारे ऐकीव, आणि तेही दोन तऱ्हांनी ऐकलेले. मी आयुष्यभर भूशास्त्र शिकवले. या कड्याचे थर न अडखळता सांगेन. दोराबद्दल तसे बोलता येत नाही.

फार पूर्वी या गावात लुमाजी नावाचा माणूस होता. डोंगरातली मधाची पोळी काढणे हा त्याचा धंदा, पण जिथे काही मिळायचे नाही तिथेही तो जायचा. साळिंदराच्या बिळात तो कमरेपर्यंत शिरला होता आणि बायकोने पाय ओढून त्याला बाहेर काढले होते, असे सांगतात. एकदा घाट उतरून तो खाडीपर्यंत चालत गेला आणि मुलांना समुद्र दाखवायचा म्हणून मडके भरून घेऊन आला. मुलांनी चाखून तोंडे वाकडी केली. त्याला पाच मुले होती. त्यांच्यासाठी काही ना काही घेतल्याशिवाय तो कधी परतला नाही. हे दोन्ही तऱ्हांनी गोष्ट सांगणारे लोक मान्य करतात.

कड्याच्या मध्यावर एक कपार आहे. ऐन उन्हाळ्यात सगळा डोंगर पिवळा पडतो, तेव्हाही तिथला उंबर हिरवा असतो. खडकातून पाण्याचा झिरपा असणार, त्यात नवल नाही. पण त्या काळी म्हणत की उंबरामागे भुयार आहे आणि ते थेट कोकणात निघते. लुमाजीच्या डोक्यात ते भुयार बसले.

दोर धरायला त्याने बायकोचा भाऊ हैबती याला बोलावले. या धंद्यात दोर मेहुण्याच्याच हाती देतात. बहीण विधवा व्हावी असे कोणत्या भावाला वाटेल?

हैबती कुरकुरला म्हणे, "दाजी, कडा काय पळून चाललाय? पोरं जरा मोठी होऊ द्या."

"पोरं मोठी व्हईस्तोवर माझे गुडघे म्हातारे व्हतील. तू गाठ मार. नीट मार, तुझ्या लग्नाची हाय असं समज."

"माझ्या लग्नाची तर तुमीच मारली व्हती. अजून पस्तावतोय."

हैबतीने लुमाजीच्या कमरेला गाठ मारली आणि त्याला खाली सोडले. कड्याला मध्येच फुगवटा आहे, त्यामुळे वरून कपार दिसत नाही. बराच वेळ दोर ताणलेला होता. मग तो हलका झाला. हैबतीला वाटले, दाजी कपारीत पोचले. त्याने हाका मारल्या. उत्तर आले नाही. दोर तसाच हातात धरून तो दिवस मावळेपर्यंत बसला, पुन्हा वजन येईल म्हणून. शेवटी गावकरी जमले आणि दोर वर ओढला. तो तुटला नव्हता, कापलेलाही नव्हता. टोकाला गाठीचे वळ होते, गाठ नव्हती.

खालचे रान धुंडाळले. काही सापडले नाही. पण तेव्हाचे रान गर्द होते आणि जनावरेही होती, तेव्हा न सापडण्याला मी फार महत्त्व देत नाही. देतही असेन. ठरवता येत नाही.

लुमाजीच्या अंगणात गाव बसले. लुमाजीचा धाकटा भाऊ येसू याने विचारले, "गाठ कुणी मारली?"

"म्या," हैबती म्हणाला.

"मग सुटली कशी?"

"सुटली न्हाई. माझी गाठ सुटत न्हाई. त्येंनी सोडली."

"म्हंजे माझा भाऊ पाच लेकरं टाकून पळाला म्हणतोस?"

हैबतीने उंबऱ्याकडे पाहिले. उंबऱ्यात त्याची बहीण सगुणा उभी होती. सगळे तिच्याकडे पाहू लागले. गाठ सुटली म्हणावे तर भावाने नवरा मारला. गाठ सोडली म्हणावे तर नवरा तिला टाकून गेला. तिसरे काही म्हणायला जागाच नव्हती. येसू म्हणाला, "वहिनी, तुमी सांगाल ते गाव मानंल."

ती आत गेली आणि तेलाची वाटी घेऊन आली. अंगणात भावापुढे बसली. त्याच्या मुठी वळलेल्या होत्या, त्या तिने उघडल्या. तळव्यांची साल निघाली होती. ती तेल लावू लागली.

"दोर वर कुणी घेतला?" ती म्हणाली. "परत सोडा खाली. आणि माझ्या भावाला आता कुणी काय इचारायचं न्हाई. मी बी न्हाई."

गाव उठले. दोर पुन्हा सोडला गेला. पुढे सगुणेने कुंकू पुसले की ठेवले, यावर अजूनही दोन मते आहेत. तिची मुले मामाच्या अंगाखांद्यावर वाढली, एवढे मात्र सगळे सांगतात. मी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला. एका बाजूला झोपतो आणि दुसऱ्या बाजूला उठतो.

आजही, लुमाजी उतरला त्या वैशाखातल्या दिवशी, दांडवळच्या सुनांचे भाऊ गावोगावहून येतात, नवा दोर सोडतात आणि सूर्य मावळेपर्यंत आळीपाळीने तो धरून बसतात. एकमेकांच्या दाजींची भरपूर टिंगल चालते. माझ्या मेहुण्याला मी एकदा विचारले होते, खाली कोणी नसताना हाताला काही लागते का. तो म्हणाला, "दाजी, दोराला दोराचं वजन असतंच की." मग स्वतःच म्हणाला, "पण सोडवत न्हाई."

संध्याकाळी पायथ्याशी बहिणी तेलाच्या वाट्या घेऊन उभ्या असतात. भाऊ पायवाटेने उतरून येतो, हात पुढे करतो. बहीण त्याच्या तळव्यांना तेल चोळते, आणि वर काय झाले ते विचारत नाही.