फेट्यात हरवलं तिळोबाचं तोंड

एवढंसं होतं एक कुत्र्याचं पिल्लू. ओंजळीत मावेल एवढं. नाव मात्र भारदस्त. तिळोबा!

तिळोबा कस्तुरीचा लाडका. कस्तुरीच्या घरी भिंतीवर फोटोच फोटो. आजोबांचा फोटो. आईचा फोटो. कस्तुरीचाही फोटो. आणि तिळोबाचा? नाहीच!

मग कस्तुरीनं त्याला फेटा घातला. लालबुंद फेटा! दोघं गेली शशिकाकांच्या स्टुडिओत. तिळोबा बसला स्टुलावर. छाती पुढं. शेपटी वर.

काका म्हणाले, "हं, हसा!"

फेटा घसरला, सर्रर्र! कॅमेरा वाजला, खटॅक!

फोटो आला. फोटोत फेटा. फेट्याखाली पाय. आणि तोंड? तोंड नाहीच!

सगळे हसले. खो खो खो! तिळोबा नाही हसला.

"काका, काका, माझं तोंड हरवलं! फोटो पुन्हा काढा ना!"

काका म्हणाले, "ऊंहूं! फेटा तुझा ढगळ. आधी घट्ट फेटा, मग फोटो!"

"जा तू," कस्तुरी म्हणाली. "मी स्टूल धरून ठेवते."

तिळोबानं फेटा दातांत धरला. निघाला. तुरूतुरू तुरूतुरू! फेटा मागं, फरफर फरफर!

गल्लीत होती गोजामावशी. लग्नात फेटे बांधायची.

"मावशी, मावशी, फेटा बांध ना!
फेटा बांधला, की काका फोटो काढतील.
फोटो काढला, की माझं तोंड दिसेल!"

मावशी म्हणाली, "ऊंहूं! किती चुरगळलाय हा! आधी इस्त्री, मग फेटा!"

तुरूतुरू तुरूतुरू! फरफर फरफर!

पुढं होता बबनदादा इस्त्रीवाला.

"दादा, दादा, इस्त्री कर ना!
इस्त्री केली, की मावशी फेटा बांधेल.
फेटा बांधला, की काका फोटो काढतील.
फोटो काढला, की माझं तोंड दिसेल!"

दादा म्हणाला, "ऊंहूं! शिंपडायला पाणी कुठंय? बादली बघ, हापशाखाली रिकामी. आधी पाणी, मग इस्त्री!"

तुरूतुरू तुरूतुरू! फरफर फरफर!

"हापसेबुवा, हापसेबुवा, पाणी द्या ना!
पाणी आलं, की दादा इस्त्री करेल.
इस्त्री केली, की मावशी फेटा बांधेल.
फेटा बांधला, की काका फोटो काढतील.
फोटो काढला, की माझं तोंड दिसेल!"

हापसा कुरकुरला, "ऊंहूं! ही म्हैस माझ्या दांड्यावर रेललीय. आधी म्हैस सरकेल, मग पाणी!"

म्हैस केवढी! तिळोबा तिच्या खुराएवढा.

"म्हशीबाई, म्हशीबाई, सरका ना!
तुम्ही सरकलात, की बुवा पाणी देतील.
पाणी आलं, की दादा इस्त्री करेल.
इस्त्री केली, की मावशी फेटा बांधेल.
फेटा बांधला, की काका फोटो काढतील.
फोटो काढला, की माझं तोंड दिसेल!"

म्हैस म्हणाली, "ऊंहूं! पाठीवर गोमाशी बसलीय. चावतेय मेली. म्हणून तर पाठ घासतेय. आधी गोमाशी उठेल, मग मी सरकेन!"

"गोमाशी, गोमाशी, ऊठ ना!
तू उठलीस, की म्हशीबाई सरकतील.
म्हशीबाई सरकल्या, की बुवा पाणी देतील.
पाणी आलं, की दादा इस्त्री करेल.
इस्त्री केली, की मावशी फेटा बांधेल.
फेटा बांधला, की काका फोटो काढतील.
फोटो काढला, की माझं तोंड दिसेल!"

गोमाशी हसली, गुंईं गुंईं. "मला उठवणार तू? तुला साधं भुंकता तरी येतं का रे?"

खरंच की! तिळोबा कधी भुंकलाच नव्हता. नुसता कुंई कुंई करायचा.

तिळोबानं फेटा खाली ठेवला. चारी पाय रोवले. पोट फुगवलं.

"कुंई!"

गोमाशी तिथंच.

पुन्हा पोट फुगवलं. टम्म!

"कुं… कुं… भू! भू! भूऽऽऽ!"

अगं बाई! गोमाशी उडाली, भुर्रर्र!

म्हैस सरकली, धप धप.
हापसा हलला, खटक खटक.
पाणी आलं, भळाभळा.
बादली भरली. दादानं पाणी शिंपडलं, फुस फुस. इस्त्री फिरली, सुंईं सुंईं.
मावशीनं फेटा बांधला. एक वेढा, दुसरा वेढा, घट्ट घट्ट! वर तुरा, ऐटदार!

तिळोबा निघाला. आता तुरूतुरू नाही. मान वर करून, रुबाबात. मागून मावशी. मागून दादा. मागून म्हशीबाईसुद्धा! ती काही दारात मावली नाही. खिडकीतून बघत राहिली.

तिळोबा बसला स्टुलावर.

काका म्हणाले, "हं, हसा!"

हसतोय कशाला? तिळोबा भुंकला. "भू!"

खटॅक!

फोटो आला. फोटोत तोंडच तोंड! लाल जीभ. तांदळाएवढे दात. सगळे हसले, खो खो खो. आणि तिळोबा? सगळ्यात जोरात तोच हसला!

काकांनी त्याची पाठ थोपटली. "शाब्बास रे पठ्ठ्या! असा फोटो माझ्या स्टुडिओत कधी निघाला नव्हता."

कस्तुरीनं फोटो भिंतीवर लावला. आजोबांच्या शेजारी. पाहुणे आले, की विचारतात, "हे कोण हो, फेटेवाले?"

कस्तुरी छाती काढून सांगते, "हे आमचे तिळोबा!"

आणि खालून आवाज येतो, "भू!"

फोटो चढला भिंतीवर,
गोष्ट निजली उशीवर!