केरबाची गोफण आणि एकवीस धूर

फार वर्षांमागं, काडेपेटी अजून जन्मालाही आली नव्हती तेव्हा, खडकजाईच्या वाडीत एकवीस घरं होती आणि विस्तव एकच होता. तो नरसू पाटलाच्या चुलीत असायचा. सकाळ झाली की बायका खापर घेऊन पाटलाच्या दारात उभ्या राहायच्या, दोन निखारे घ्यायच्या आणि आपापली चूल पेटवायच्या. विरजण हौसाक्काकडं. मीठ खालच्या आळीत एकाच्या रांजणात. दळायची जाती साऱ्या वाडीत मिळून तीन. ज्याला जे लागेल त्यानं ते शेजारी जाऊन मागायचं. वाडीला याचा मोठा गर्व होता. पाहुणा आला की सांगायचे, "आम्ही एका विस्तवाची माणसं." पाहुणाही मान डोलवायचा. त्याचं काय जातंय?

या गर्वात एकच खडा होता, केरबा.

केरबा राखण्या होता. पीक निसवलं, कणसं बाहेर पडली, की शेतातल्या माळ्यावर चढायचा आणि गोफणीनं पाखरं उडवायचा. चार चार महिने त्या चार लाकडांवर एकटा. माळ्यावर शेजारी कोण? पोपट. त्याच्याकडं मीठ मागायचं म्हणजे कठीण काम. म्हणून केरबा सगळं जवळ ठेवायला शिकला. मडक्यात राखेखाली निखारा, गाडग्यात मीठ, हातभर जातं, वाळलेली मिरची, चिंचेचा गोळा. पुढं घरी राहायला आला तरी सवय गेली नाही. कुणाकडं काही मागत नसे आणि कुणी मागायला आलं तर विचारायचा, "कालपण नव्हतं का? मग काल काय केलंस?" देत असे, पण हे ऐकवून. मग कोण जाईल?

त्याची गोफण मात्र अशी, की पोपटाच्या चोचीतला दाणा तेवढा खाली पाडायचा आणि पोपटाला धक्का लागायचा नाही, असं म्हणतात. पोपट म्हणे चोच उघडी टाकून इकडं तिकडं बघत बसायचा.

केरबाला एकच लेक, सगुणा. आई लवकर गेलेली, बापानंच माळ्यावर वाढवलेली. तिला गावातच दिली, चार घरं सोडून, बाळकूला. लग्नात आहेर द्यायची वेळ आली तेव्हा केरबानं मांडवात काय आणून ठेवावं? निखाऱ्याचं मडकं, मिठाचं गाडगं आणि ते हातभर जातं. वऱ्हाड खो खो हसलं. नवरदेवाची बहीण म्हणाली, "अगं बाई, हिला नांदायला धाडताय का वनवासाला?" सगुणेचं तोंड लाल झालं. तिनं ते सगळं उचललं, बापाच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलं आणि म्हणाली, "बा, मी माणसांत चालले. माळ्यावर नाही."

त्यावर दोन वर्षं बाप-लेक बोलले नाहीत. एकाच वाडीत. समोरासमोर आले की केरबा आभाळ बघायचा आणि सगुणा जमीन.

तिसऱ्या वर्षी श्रावणात खालच्या बाजारगावात साथ आली. माणसं पटापट पडू लागली. त्याच आठवड्यात वाडीतली अर्धी माणसं बाजार करून आलेली, केरबासुद्धा. कुणी काय आणलंय कुणास ठाऊक. पाटलानं चावडीसमोर उभं राहून सांगितलं, "चाळीस दिवस दारबंदी. ज्यानं त्यानं आपल्या अंगणात. दाराला आणि वेशीला बोराटीचा काटा लावा. काटा ओलांडला तर देवीची आण." सगळ्यांनी ऐकलं. शहाणपणाचंच होतं ते. फक्त एक गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही, की उद्या सकाळी विस्तव कुणी आणायचा?

सकाळ झाली आणि वाडीला तोंडात मारल्यागत झालं. एका घरात कणगीभर जोंधळा, दळायला जातं नाही. दुसऱ्या घरात जातं, दळायला जोंधळा नाही. हौसाक्काकडं विरजणाचं गाडगं भरलेलं आणि म्हैस आटलेली. पाटलाच्या चुलीत जाळ आणि आमटीत मीठ नाही. बाकी घरांत दूध कच्चं, पीठ कच्चं, माणसंही कच्ची. तिसऱ्या दिवशी तर कहर झाला. रात्रभर पाऊस लागला, पाटलाच्या चुलीवरचं छप्पर गळलं आणि वीस घरांचा विस्तव फुस्स करून विझला. पाटलाकडं चकमक होती, पण कापूस ओला. झाडून झाडून त्याची बोटं सोलली.

केरबा छपराच्या आढ्यावर चढून बसला. त्याच्या एकट्याच्या घरातून धूर निघत होता. त्याला बाकीच्यांचं सोयरसुतक नव्हतं. तो चार घरांपलीकडचं छप्पर बघत होता. तिथं सगुणा होती, पाच दिवसांची बाळंतीण. बाळकू बहिणीला आणायला गेला होता तो वेशीच्या काट्यापलीकडंच अडकला. घरात ती आणि ते पोर. पहिल्या दिवशी पोराचं रडणं चांगलं खणखणीत ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी जरा कमी. तिसऱ्या दिवशी मांजराच्या पिल्लागत. ओल, गारठा, शेक नाही, आईच्या पोटात गरम घोट नाही. केरबानं माळ्यावर आयुष्य काढलं होतं. थंडीनं गारठलेलं पाखरू कधी ओरडतं आणि कधी गप्प होतं, हे त्याला ठाऊक होतं.

चाळीस पावलं. उतरून जावं असं दहादा मनात आलं. पण तो बाजारातून आलेला. साथ आपल्याच अंगात बसली असली तर? निखारा द्यायला जायचं आणि मरण देऊन यायचं?

शेवटी म्हातारा दोन वर्षांचं मौन मोडून ओरडला, "ए सगुणे! चूल पेटली का?"

आतनं आवाज आला, "पेटलीय!"

"मग धूर कुठं गेला? माहेरी?"

दार उघडलं आणि सगुणा अंगणात आली, पदराखाली पोर. वर बघून म्हणाली, "बा, नाही पेटली."

केरबानं नाक शिंकरलं. म्हणाला, "परात आहे का घरात? का तीपण शेजारी मागायला जातेस?"

"आहे."

"पोराला आत ठेव. परात डोक्यावर धर आणि अंगणाच्या मधोमध उभी राहा. हलायचं नाही."

तोवर सगळी वाडी आपापल्या अंगणात आली होती. पाटील ओरडला, "केरबा, काय करतोस? गवताची छपरं आहेत. वळचणीला आत सगळं कोरडं आहे. एक निखारा चुकला तर लेकीसकट घर जाईल!"

"पाटील, तुम्ही तुमचं गळकं छप्पर बघा."

पण पाटील खोटं बोलत नव्हता. केरबाचा हात दोन वर्षं गोफणीला लागला नव्हता. त्यानं आधी नुसताच शेणाचा गोळा लावला, हात बघायला म्हणून, आणि गरकन फिरवून सोडला. तो गेला सरळ पाटलाच्या पागोट्यावर. थप्प! वाडी तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. पाटलाची पाटलीणसुद्धा तोंडात पदर कोंबून हसली.

केरबा मात्र हसला नाही. तो उतरला. वाळली शेणी कोरली, तिच्या पोटात राखेत गुंडाळलेला निखारा ठेवला, वरून ओलं शेण थापलं, श्वासापुरतं भोक ठेवलं. पुन्हा वर चढला. पाऊस सरसरत होता. खाली लेक डोक्यावर परात धरून उभी, डोळे गच्च मिटलेले.

"बा, डोक्यात बसला तर?"

"डोकं असतं तर विस्तव घरात ठेवला असतास. नीट उभी राहा!"

गोफण फिरली. एकदा, दोनदा, तीनदा. असं म्हणतात, की गोळा सुटला तसा पाऊस त्याला वाट द्यायला दोन बाजूंना सरला. असंही म्हणतात, की तो तीन छपरांवरून गेला आणि प्रत्येक छपरावर जरा थांबून पुढं गेला, म्हातारं माणूस वाटेत दम खातं तसा. मग परातीत आवाज झाला. टण्ण!

सगुणा आत पळाली. वाडी सगळी त्या छपराकडं बघत उभी. कुणी पापणी हलवली नाही. आणि मग गवतातून धूर आला. आधी दोऱ्याएवढा, मग दोरखंडाएवढा. त्या संध्याकाळी पोर असं टाहो फोडून रडलं, की चावडीपर्यंत ऐकू गेलं. केरबा आढ्यावर बसून म्हणाला, "कसली घाण आवाजाची पोर आहे!" आणि डोळे पुसले. पाऊस होताच, कुणाला कळलं नाही.

मग काय विचारता! "केरबा, आम्हाला! केरबा, इकडं!" एकोणीस अंगणांत एकोणीस पराती.

"देतो," केरबा म्हणाला, "पण आधी शिव्या खायच्या." आणि त्यानं वरच्या आळीपासून सुरुवात केली. कुणाला ऐदी म्हणाला, कुणाला उसनवाऱ्या, कुणाच्या आजोबांपर्यंत पोचला. प्रत्येक शिवीमागं एक निखारा. एकही चुकला नाही. शेवटचा पाटलाचा. पाटील परात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "घाल बाबा. मला जरा जास्तच घाल." तिथं केरबाची शिवी घशातच अडकली, असं म्हणतात. तेवढी एकदाच.

दुसऱ्या दिवसापासून आढ्यावर शाळाच भरली. "विस्तव राखेत निजवा, उघड्यावर मरतो. कणगीवर कोळशानं चाळीस रेघा ओढा, रोज एका रेघेच्या खाली उतरायचं नाही. जातं नाही? मग रडता काय, जोंधळा भिजवून घुगऱ्या करा. विरजण नाही? कोमट दुधात मिरचीचं देठ टाका. पागोळीखाली रांजण लावा. परसात मेथी टाका, आठ दिवसांत भाजी."

"केरबा," हौसाक्का खालून म्हणाली, "देठानं दही लागतं? सत्तर वर्षं मी उगाच गाडगं सांभाळलं होय रे?"

"मग काय सांगतोय!"

"मेल्या, आधी सांगायचं होतंस!"

"विचारलंत कधी?"

हळूहळू घरोघर गोफणी वळल्या गेल्या. पोरं शिकली, सुना शिकल्या. ज्याच्याकडं मीठ होतं त्यानं पुरचुंड्या उडवल्या, ज्याच्याकडं गूळ होता त्यानं खडे. पीठ, हळकुंड, कांदे, सगळं छपरांवरून जाऊ लागलं. हौसाक्कानं फेकलेला भोपळा गावाला प्रदक्षिणा घालून तिच्याच अंगणात परत आला, असं म्हणतात. त्या वर्षी पोपटांनी वाडीचं आभाळ सोडलं. जागाच नव्हती.

बाराव्या दिवशी बारसं आलं. आत्या काट्यापलीकडं. मग हौसाक्का आत्या झाली आणि आपल्या अंगणातूनच "कुर्र्र" म्हणून अशी ओरडली, की डोंगरानं उत्तर दिलं. सगुणेनं पोरीचं नाव ठेवलं होतं चंपा. पण वाडीनं एकवीस अंगणांतून एकाच सुरात हाक मारली, "ठिणगी!" तेच राहिलं. घुगऱ्या गोफणीनं वाटल्या. ज्याच्या अंगावर जास्त पडल्या तो भाग्यवान.

चाळीस दिवस झाले. काटे निघाले. खालच्या गावात हाहाकार झाला, पण वाडीत एक माणूस गेलं नाही. उलट दोघंतिघं जाडच झाले. सगळे रस्त्यावर येऊन एकमेकांच्या गळ्यात पडले. केरबा आला नाही. आतून म्हणाला, "मी माझ्या घरात बरा." मग सगुणा पोर घेऊन आत गेली. काय बोलणं झालं ते कुणी ऐकलं नाही. पण बाहेर आली तेव्हा डोक्यावर जातं होतं, आणि म्हातारा मागून पोरीला खांद्यावर घेऊन चालला होता आणि ती त्याची मिशी उपटत होती.

केरबा पुढं फार जगला. कोण म्हणतं नव्वद, कोण म्हणतं शंभर. एका निसवणीला माळ्यावर चढला तो खाली उतरलाच नाही. लोक बघायला गेले तर माळा रिकामा, आणि चारी बाजूंना पाखरं कणसांवर न बसता तारेवर धरल्यागत हवेत उभी, असं म्हणतात.

अजून श्रावणात खडकजाईच्या वाडीत एक दिवस दारबंदी असते. त्या दिवशी कुणी कुणाकडं चिमूटभर मीठही मागत नाही. आता घरं सिमेंटची झाली, गॅस आला. तरी प्रत्येक गच्चीवर त्या दिवशी शेणी पेटते. वाडीतलं सगळ्यात तिरसट म्हातारं माणूस निवडून उंचावर बसवतात. त्या मानासाठी भांडणं होतात. ते धूर मोजतं, आणि ज्या घराचा धूर उशिरा निघेल त्या घराला मनसोक्त शिव्या घालतं. नव्या सुनेला तर पहिली शिवी खाल्ल्याशिवाय गावची झाल्यासारखं वाटत नाही. दुपारी गोफणी निघतात आणि आभाळातून लाडू पडतात.

पण एखाद्या घरात कुणी आजारी असलं, एकटं असलं, हात चालत नसले, आणि त्या घरावर धूर दिसला नाही, तर सगळी वाडी गप्प होते. पहिला निखारा तिथं जातो.

मग त्या घरातून धूर निघतो, आणि त्यानंतरच शिव्या सुरू होतात.