कासवटेकडीची डुकरं

"टेकडी हवी! पण सैन्य हलवायचं नाही, रक्ताचा थेंब सांडायचा नाही आणि खजिन्यातली कवडी मागायची नाही!"

चंद्रभान महाराजांनी गुणाजीशेटला भर दरबारात असं बजावलं. चूक त्याचीच होती. तरुणपणी एका बैलावर मिठाची गोणी लादून तो सीमेवरच्या खिंडीत आला होता. आता तिथं त्याचं मिठा-गुळाचं भरलेलं दुकान होतं आणि दोन्ही राज्यांतली गिऱ्हाइकं त्याच्या ओसरीवर पान खात बसत. खिंडीलगतची कासवटेकडी आपली, की पलीकडच्या वीरमर्दन राजाची, हे भांडण आजोबा-पणजोबांपासूनचं. "टेकडी काय, गोडीगुलाबीनंसुद्धा मिळेल!" असं गुणाजी एकदा बोलून गेला. भिंतीला कान असतात म्हणे. ओसरीला तर भिंतही नव्हती! बोलणं थेट दरबारात पोचलं.

"जमलं नाही, तर याचं दुकान खिंडीतून उठवावं, महाराज," दिवाण रंगोपंत मिशीतल्या मिशीत हसले. "बोलघेवड्यांना वचक बसेल!"

"कबूल! होळीपर्यंत टेकडी आण!"

घरी बायकोनं, चांगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, जीभ आवरा म्हणून किती सांगितलं! आता टेकडी काय खांद्यावर घालून आणणार?"

"कशाला? एखादा आपला माल सोडत नसेल, तर तो माल त्याला नकोसा करायचा! बस्स!"

गुणाजीनं गावकऱ्यांकडून मोडलेला ऊस आणि उकरलेली रताळी गोळा केली, गाडीत भरली आणि वीरमर्दन राजाच्या दरबारात जाऊन गळा काढला.

"दाद द्या, महाराज! आपल्या टेकडीवरच्या आपल्या रानडुकरांनी आमची शेतं लोळवली!"

"माझी डुकरं?" वीरमर्दन दचकला. दिव्यात तेलसुद्धा मोजून घालणारा हा राजा!

"टेकडी आपली, मग डुकरं कुणाची? नुकसान तेवढं भरून द्या. शिवाय राखणीला रोज माणसं पाठवा, मशालींसकट. आणि माणसं म्हटली की त्यांच्या भाकरीही आल्याच!"

"कोण म्हणतं टेकडी माझी?"

"अख्खा मुलूख म्हणतो! आपले वडील तर शपथेवर सांगायचे!"

"वडील गेले! टेकडी तुमची, डुकरं तुमची, तुमचं तुम्ही निस्तरा!"

 गुणाजीनं चेहरा आणखी रडवेला केला. "तोंडी कोण ऐकतंय, महाराज? आमचे महाराज उद्या मला पुन्हा इकडंच पिटाळतील."

"पुन्हा? अरे, कोण आहे रे तिकडे? शिक्का आणा! आधी याला लिहून द्या!"

होळीच्या आधीच कागद चंद्रभान महाराजांच्या हातात पडला. महाराजांनी तो उलटसुलट करून पाहिला. शिक्का खरा होता!

रंगोपंतांनी मात्र नाक मुरडलं. "वा शेट! टेकडीबरोबर डुकरंही आपल्याच गळ्यात बांधलीत की!"

"दिवाणजी, ती कालही आपलाच ऊस खात होती. काल त्यांच्यामागं टेकडीवर पाऊल टाकलं असतं, तर लढाई पेटली असती. आता खुशाल हाकारा घालून त्यांना हुसकवा!"

महाराज खूश झाले. "गुणाजी, तुझ्यासारखा माणूस दरबारात हवा. पण तू पडलास व्यापारी. राजकारण जमेल तुला?"

गुणाजीनं हात जोडले. "महाराज, एकच सांगा. मी आत्ता करून आलो, तो व्यापार होता की राजकारण?"

 महाराजांनी रंगोपंतांकडे पाहिलं. रंगोपंत छताकडे पाहत होते!

मग महाराज असे खदखदून हसले, की मुकुट सावरायला दोन सेवक धावले. त्यांनी तिथल्या तिथं गुणाजीला मंत्र्याची वस्त्रं दिली, खिंडीतलं दुकान चांगुणाच्या नावानं कायमचं करून दिलं आणि नव्या मंत्र्याची गादी घालायला सांगितली, ती बरोबर रंगोपंतांच्या शेजारी!