वाढवलेलं अन्नछत्र

करंजघाटाच्या पायथ्याला, माळावर, एका ओळीत नऊ चुलाणं आहेत. भिंत नाही, छप्पर नाही. वर्षभर त्यांत सरडे ऊन खात बसतात. पाहुणे विचारतात, एवढ्या चुली आणि जेवणारं गाव कुठं? मग आमच्याकडचे म्हातारे जोत्यावर टेकतात आणि सांगू लागतात.

इथं म्हणे आवडाबाईचं अन्नछत्र होतं. तिचा नवरा बैलांवर मीठ लादून घाट चढायचा. एकदा उपाशीपोटी चढताना तो कोसळला, तो उठलाच नाही. तेव्हा बाईनं नवस केला, की या घाटात पुन्हा कोणी उपाशी चढणार नाही. तिनं तांब्याचे नऊ हंडे घडवले आणि रांधायला म्हादबाला ठेवलं. म्हादबाला मूलबाळ नव्हतं. हंड्यांना त्यानं नावं दिली होती, जेवणाऱ्यांना तो नावं ठेवायचा, पण कुणाला अर्धपोटी उठू दिलं नाही.

तीस वर्षांनी पलीकडून सडक झाली आणि घाट ओस पडला. म्हादबा भात रांधायचा आणि कावळ्यांना घालायचा. आवडाबाई अंथरुणाला खिळली होती. तिनं त्याला जवळ बोलावलं. "म्हादबा, छत्र वाढव," एवढंच म्हणाली आणि डोळे मिटले.

दिवसकार्य आटोपताच तिचा पुतण्या मल्लाप्पा गाडी घेऊन हजर झाला. माणूस वाईट नव्हता, पण वारस होता, आणि हंडे मोडीत घालायचा शब्द तांबटाला देऊन बसला होता. आसपासच्या नऊ गावांचे पंच जमले.

"वाढव म्हंजे बंद कर," मल्लाप्पा म्हणाला. "दिवा वाढवतो, दुकान वाढवतो, तसं. काकीचं छत्र मिटलं. आता हंडे घरचे."

म्हादबाच्या घशाखाली दोन दिवस घास उतरला नव्हता. बाईला तेच म्हणायचं होतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. खोटं बोललं तर हंडे वाचतील, असं मनात येऊन गेलंही, असे सांगतात.

पंचांतल्या पाटलांनी विचारलं, "म्हादबा, म्हातारीला काय म्हणायचं हुतं?"

"बंदच कर, असं म्हणायचं हुतं," म्हादबा म्हणाला. "पर पाटील, तसं म्हणायला तिची जीभ रेटली न्हाई. धरमाचं मोडत न्हाई, म्हणून वाढव म्हणाली. जे तिनं तोंडानं मोडलं न्हाई, ते आपुन घणाखाली घालून मोडायचं?"

मल्लाप्पाच खाली बघत बोलला, "मग हंड्यांचं करायचं तरी काय?"

"नऊ हंडे, नऊ गावं," पाटील म्हणाले. "हितलं मिटलं, तिकडं वाढलं. म्हातारीचा शब्द दोन्हीकडनं खरा."

मल्लाप्पानं आपल्याच गाडीतून हंडे गावोगाव पोचवले. त्या दुपारी म्हादबा म्हणे तिघांचं एकटा जेवला.

आजही प्रत्येक गावच्या देवळात हंडा बिनकुलपाचा असतो. लग्न असो, दिवस असोत, ज्याला लागेल त्यानं न्यावा. फक्त रिकामा परत आणू नये. चैत्रात एक दिवस सगळे हंडे पाळीपाळीनं या चुलाणांवर चढतात आणि पहिली पंगत मल्लाप्पाच्या घरचा माणूस वाढतो. एखाद्याचा तळ गेला तर 'हंडा फुटला' असं कोणी म्हणत नाही. 'हंडा वाढला' म्हणतात, गावासाठी नवा घडवतात, आणि जुन्याचा तळ डाग देऊन सांधून तो जवळच्या वाडीला देतात. म्हणून चुलाणं नऊच आहेत, पण हंडे आज चौदा आहेत.